दूरच्या दीर्घिकेचे चुंबक आणि खोडदची शांतता

एमआरआय काढायला गेलेल्या माणसाला बाहेरच सांगतात : नाणी, किल्ल्या, घड्याळ, मोबाइल, सगळे इथेच ठेवा. आत मोठे चुंबक आहे, एवढे आता सगळ्यांना ठाऊक असते. त्या खोलीची दुसरी खासियत मात्र सहसा कुणी सांगत नाही. तिच्या भिंती, छत आणि जमीन यांच्या आत बहुधा तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. काचेच्या खिडकीतही बारीक जाळी असते. हा सारा बंदोबस्त बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरू नयेत म्हणून केलेला असतो. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात अतिशय क्षीण रेडिओ संदेश देतात. दीड टेस्लाच्या यंत्रात त्यांची वारंवारता ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफएम केंद्रांच्या थोडी खाली असते. बाहेरचा गोंगाट आत आला, तर चित्रावर रेघा उमटतात आणि डॉक्टरांना आजार कुठला व रेघ कुठली हे कळेनासे होते.

धातूच्या पेटीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवले. म्हणून अशा बंदिस्त जागेला आजही ‘फॅरडेचा पिंजरा’ म्हणतात. याच फॅरडे यांनी १८४५ मध्ये आणखी एक शोध लावला. त्याच्या आधारे आज खगोलशास्त्रज्ञ शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांचे चुंबकीय क्षेत्र मोजतात. त्यांनाही एमआरआयच्या खोलीसारखीच शांतता लागते. अडचण एवढीच, की आकाशाकडे पाहणाऱ्या दुर्बिणीला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तिच्या भोवतालचा मुलूखच शांत ठेवावा लागतो.

असा एक मुलूख आपल्या राज्यात आहे : जुन्नर तालुक्यातील खोडद आणि नारायणगावचा परिसर. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. पुणे-नाशिक रेल्वेच्या निमित्ताने तिच्याविषयी बरेच बोलले जाते, आणि बहुतेक वेळा सूर असा असतो, की ‘मूठभर शास्त्रज्ञांच्या हट्टापायी लाखो लोकांची रेल्वे अडली’. माझे मत असे आहे, की खोडदची शांतता ही धरणातल्या पाण्यासारखी सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा हिशेबही तसाच मांडला गेला पाहिजे. तो मांडायचा, तर तिथे नेमके काय मोजले जाते आणि ते किती नाजूक असते, हे आधी समजून घ्यायला हवे.

किती क्षीण?

चुंबकीय क्षेत्र मोजायचे एक जुने एकक म्हणजे गॉस. दीड टेस्लाचे एमआरआय यंत्र म्हणजे १५,००० गॉस. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.४ गॉस, म्हणजे एमआरआयच्या सुमारे ३७ हजार पटींनी कमी. तेवढीच आणखी एक पायरी खाली उतरा, म्हणजे आपण दीर्घिकेत पोहोचतो. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेतील क्षेत्र गॉसच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास असते. शास्त्रज्ञ ते ‘१० मायक्रोगॉस’ असे लिहितात.

एवढ्या क्षीण क्षेत्राचे महत्त्व काय? ते हजारो प्रकाशवर्षे पसरलेले असते, हे त्याचे उत्तर. तारे ज्या वायूच्या ढगांतून जन्मतात, त्यांच्या आकुंचनाला हे क्षेत्र विरोध करते. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे कण, म्हणजे वैश्विक किरण, ते दीर्घिकेत अडकवून ठेवते. दीर्घिकेत तारे किती आणि कोणत्या वेगाने तयार होतील, हे समजायचे असेल तर गुरुत्वाकर्षणाबरोबर या चुंबकीय क्षेत्राचाही विचार करावा लागतो.

तिथे होकायंत्र नेता येत नाही. तेव्हा मोजायचे ते दुरून, आपल्यापर्यंत पोहोचलेल्या लहरींवर त्या क्षेत्राने सोडलेल्या खुणा वाचून.

पीळ वाचण्याची रीत

यातली मुख्य रीत फॅरडे यांची. एक दोर खांबाला बांधा, दुसरे टोक हातात धरून वर-खाली हलवा. लाट उभ्या पातळीत जाते. आडवा हलवला तर आडव्या पातळीत. प्रकाशाच्या आणि रेडिओच्या लहरीही अशा एका ठरावीक पातळीत कंप पावत असतील, तर त्याला ध्रुवीकरण म्हणतात (राजकारणातल्या ध्रुवीकरणाशी याचा संबंध नाही). फॅरडे यांनी जड शिशाच्या काचेतून असा प्रकाश सोडला, शेजारी चुंबक ठेवले, तेव्हा कंपनाची पातळी थोडी फिरलेली दिसली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते दाखवणारा तो पहिला प्रयोग.

अवकाशात काचेचे काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. दूरच्या एखाद्या क्वेसारकडून निघालेली रेडिओ लहर वाटेत एका दीर्घिकेतून गेली, तर तिथले इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र मिळून तिच्या कंपनाच्या पातळीला पीळ देतात. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने ‘सेंटॉरस ए’ या दीर्घिकेच्या लहरींत असा पीळ पाहिला आणि ही रीत खगोलशास्त्रात आली.

पण लहर निघाली तेव्हा तिची पातळी कोणती होती, हे आपल्याला माहीत नसते. मग ती किती फिरली, हे कसे सांगणार? इथे निसर्गाचा एक नियम मदतीला येतो : पीळ तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तरंगलांबी दुप्पट, तर पीळ चौपट. म्हणून एकच स्रोत अनेक तरंगलांब्यांवर पाहायचा आणि कोन कसा बदलत जातो ते मोजायचे. एक मध्यम उदाहरण घेऊ. ज्या वाटेवर ६ सेंटिमीटरची लहर सुमारे १० अंश फिरते, त्याच वाटेवर २१ सेंटिमीटरची लहर सुमारे १२६ अंश फिरेल आणि ५० सेंटिमीटरची लहर जवळपास दोन पूर्ण फेरे घेईल. हा बदल काढला, की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणि क्षेत्राची ताकद यांचा गुणाकार मिळतो. इलेक्ट्रॉनांचा अंदाज दुसऱ्या मार्गाने काढायचा, म्हणजे क्षेत्र हाती येते. पीळ उजवा की डावा, यावरून क्षेत्राचा रोख आपल्याकडे आहे की आपल्यापासून दूर, हेही कळते.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. लहर जितकी लांब, तितका पीळ मोठा, आणि तितकी बारीकसारीक क्षेत्रे पकडण्याची क्षमता जास्त. खोडदची दुर्बीण नेमकी लांब लहरींची आहे. सुमारे २१ सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंतच्या लहरी ती ऐकते. लांब लहरींची एक अडचणही आहे. पीळ फार झाला, तर वेगवेगळ्या भागांतून आलेल्या लहरींचे कोन एकमेकांत मिसळून ध्रुवीकरण पुसले जाते. म्हणून लांब आणि आखूड, दोन्ही लहरींच्या दुर्बिणी मिळून चित्र पूर्ण करतात.

हिशेबात आणखी एक भाग असतो. लहर शेवटी आपल्या आकाशगंगेतून आणि पृथ्वीच्या आयनांबरातूनही येते आणि तिथेही थोडी फिरते. हा घरचा पीळ वजा करावा लागतो. २०१७ मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या सुई अ‍ॅन माओ आणि सहकाऱ्यांनी त्यावर सुंदर तोड वापरली. एका दूरच्या क्वेसारच्या वाटेत एक दीर्घिका येते आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम होऊन त्या क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसतात. म्हणजे दिवा एकच, पण त्याचे दोन किरण मधल्या दीर्घिकेच्या दोन वेगळ्या भागांतून आलेले. बाकी वाट जवळपास सारखीच. मग दोन्ही किरणांच्या पिळातला फरक मुख्यतः त्या मधल्या दीर्घिकेचाच. अशा रीतीने सुमारे ५०० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत मोठ्या पल्ल्याचे, सुसंगत चुंबकीय क्षेत्र असल्याचे दिसले, आणि त्याची ताकद आजच्या जवळच्या दीर्घिकांच्या जोडीची निघाली. सूर्य आणि पृथ्वी नुकते आकाराला येत होते, त्या काळातली ही दीर्घिका.

त्याहून जुना पुरावा २०२३ मध्ये मिळाला, पण वेगळ्या रीतीने. दीर्घिकेतील धुळीचे लांबुळके कण चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भाने एका रांगेत लागतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या लहरी थोड्या ध्रुवीकृत होतात. चिलीतील अल्मा दुर्बिणीने ‘९आयओ९’ या दीर्घिकेत हे पाहिले. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला ११०० कोटींहून अधिक वर्षे लागली. तिथले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे, पण १६ हजार प्रकाशवर्षांहून अधिक पसरलेले आहे. विश्वाच्या जन्मानंतर साधारण अडीचशे कोटी वर्षांतच एवढे पसरलेले क्षेत्र तयार झाले होते, याचा अर्थ ते वाढवणारी यंत्रणा आपल्या आधीच्या कल्पनेपेक्षा वेगवान असावी.

तिसरी रीत सर्वांत थेट आणि सर्वांत अवघड आहे. चुंबकीय क्षेत्रात अणूची वर्णरेषा दुभंगते, हे पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवले. हायड्रोजन वायू १,४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४२ कोटी कंपनांवर रेडिओ लहरी देतो. १० मायक्रोगॉसच्या क्षेत्रात तिचे दोन भाग होतात आणि त्यांच्यात अंतर पडते अवघे २८ कंपनांचे. एकशे बेचाळीस कोटींत अठ्ठावीस!

इतक्या बारीक कामात चकवा बसणे सोपे असते. २००८ मध्ये अमेरिकेतील आर्थर वुल्फ आणि सहकाऱ्यांनी ग्रीन बँक दुर्बिणीच्या आधारे एका दूरच्या दीर्घिकेत ८४ मायक्रोगॉसचे क्षेत्र सापडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. तो त्या वेळी मोठा गाजलेला निकाल होता. पुढे त्याच गटाने आपल्या नोंदींचे पुन्हा विश्लेषण केले आणि २०११ मध्ये स्वतःच कळवले, की ते क्षेत्र सापडल्याचा निष्कर्ष चुकीचा होता. असलेच तर १७ मायक्रोगॉसपेक्षा कमी असेल. आधीचा संकेत सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीतून उपजलेला होता. चूक दुसऱ्या कुणी दाखवण्याची वाट न पाहता ज्यांनी निकाल दिला, त्यांनीच तो मागे घेतला. शास्त्रावर विश्वास ठेवायचा तो या सवयीमुळे. आणि विश्लेषणातली लहानशी चूक एवढा मोठा भास निर्माण करू शकते, तर बाहेरचा गोंगाट काय करील, याचाही अंदाज यावरून येतो.

कल्याण ते खोडद

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध जुना आहे. गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते रोनाल्ड ब्रेसवेल. ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये पट्ट्यापट्ट्यांनी घेतलेल्या मोजणीतून आकाशाचे पूर्ण चित्र कसे जुळवायचे, याचे गणित मांडले होते. तेच गणित पुढे सीटी स्कॅनच्या विकासाला उपयोगी पडले. ‘आकाश पाहून माणसाला काय मिळते’ असे विचारणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान डिश उभारल्या. १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली. मग खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. डिशचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांनी ताणून बसवली आहे. वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्च वाचतो. लांब लहरींना ही जाळी आरशासारखीच काम देते. २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, पुढे तिचे मोठे अद्ययावतीकरण झाले, आणि २०२० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयट्रिपलई’ या जागतिक संघटनेने तिला ‘मैलाचा दगड’ असा मान दिला. भारतातून याआधी तो जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामाला मिळाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वरूप यांचे निधन झाले.

चुंबकीय क्षेत्रांच्या अभ्यासातही खोडदचा वाटा आहे. २०१३ मध्ये अरित्र बसू आणि सुभाशिष रॉय या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी काही कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावरील पाच दीर्घिकांच्या क्षेत्रांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली रीत चौथी. चुंबकीय क्षेत्राभोवती घिरट्या घालणारे वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी देतात, आणि त्या लहरींच्या तेजावरून, क्षेत्र व कण यांच्यातील ऊर्जा समसमान आहे असे गृहीत धरून, क्षेत्राची ताकद काढता येते. त्यात सरासरी ११ मायक्रोगॉस, केंद्राजवळ २० ते २५ आणि कडेला सुमारे १० असे आकडे निघाले. यासाठी लांब लहरींवरील खोडदची निरीक्षणे कामी आली. आणि ही क्षेत्रे मुळात वाढतात कशी, या प्रश्नावर पुण्याच्याच आयुकातील कंदस्वामी सुब्रमण्यन यांनी अनेक वर्षे केलेले काम जगभर संदर्भासाठी वापरले जाते. दीर्घिकेचे फिरणे आणि तिच्या वायूतली खळबळ यांतून अतिक्षीण बीजक्षेत्र ताणले जाते, पिळले जाते, दुमडले जाते आणि मोठे होते. सायकलच्या डायनॅमोतही गतीची ऊर्जा अशीच विजेत बदलते, म्हणून या सिद्धान्तालाही डायनॅमोचेच नाव आहे.

गोंगाट कुठून येतो?

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वेगळे सांगायला नको. यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणी कुजबुजले तर शेजारच्याला ऐकू येत नाही. खुणेनेच बोलावे लागते. रेडिओ दुर्बिणीचे तसेच आहे. चंद्रावर कुणी एक साधा मोबाइल चालू ठेवला, तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. आणि मोबाइल तर आपल्या खिशात आहे.

ठिणगी पडते तिथे रेडिओ लहर निघते. दूरदर्शनचा जमाना पाहिलेल्यांना आठवत असेल, रस्त्यावरून स्कूटर किंवा लुना गेली, की पडद्यावर ठिपके नाचायचे. तो इंजिनातल्या ठिणगीचा प्रताप. विजेवरच्या रेल्वेत वरच्या तारेला घासत जाणाऱ्या भागाशी अशाच ठिणग्या उडतात. उच्च दाबाच्या वाहिन्या, सदोष इन्सुलेटर, स्वस्तातले चार्जर, कारखान्यातील मोटारी हे सारे त्यात भर घालतात. आणि हा गोंगाट नेमका लांब लहरींच्या पट्ट्यात जास्त असतो, जिथे खोडदची दुर्बीण ऐकते.

आता गोंगाट आकाशातूनही येतो. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नकळत गळणाऱ्या लहरी नोंदवल्या. खोडदच्या दुर्बिणीचा सर्वांत खालचा पट्टा याच भागात येतो. वरून येणारा गोंगाट एकट्या महाराष्ट्राला थांबवता येणार नाही. जमिनीवरचा मात्र येतो.

धावपट्टी आणि चिमणी

पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, नारायणगाव, संगमनेर असा होता. जीएमआरटीची अडचण सांगत रेल्वे मंत्रालयाने तो बाजूला ठेवला आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागातील लोकांची नाराजी खरी आहे. तिला ‘विज्ञानाविषयीचे अज्ञान’ म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. टोमॅटो, कांदा, द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे हवी असते. तिथल्या तरुणांना पुण्या-नाशकाला रोज जाता यावे, असे वाटते. तुळजापूर-धाराशिवच्या रेल्वेची वाट पाहिलेल्या सोलापूरकरांना ही भावना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण सोलापूरने दुसरीही एक गोष्ट पाहिली आहे. होटगी रस्त्यावरचे विमानतळ अनेक वर्षे असून नसल्यासारखे होते. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी उड्डाणमार्गात येते, यावरून वाद झाला, न्यायालये झाली, आंदोलने झाली. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली गेली. २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. त्या निर्णयात कुणाचे बरोबर आणि कुणाचे चूक, याविषयी गावात आजही दोन मते आहेत आणि ऊस उत्पादक सभासदांचे दुःख कमी लेखायचे कारण नाही. मात्र एक गोष्ट त्या वादाने सर्वांना शिकवली : विमानतळ म्हणजे फक्त डांबराची धावपट्टी नव्हे. तिच्या दोन्ही टोकांना, डोळ्यांना न दिसणारी मोकळी हवा हाही विमानतळाचाच भाग असतो. ती नसेल, तर धावपट्टीचा उपयोग नाही.

रेडिओ दुर्बिणीचे नेमके हेच आहे. ३० डिश हा तिचा दिसणारा भाग. भोवतालची रेडिओ शांतता हा न दिसणारा भाग. जागा निवडतानाच हा विचार झाला होता. मानवी रेडिओ गोंगाट कमी, पुण्याच्या शिक्षणसंस्था जवळ, आणि भूचुंबकीय विषुववृत्तापासून थोडे उत्तरेला असल्याने आयनांबर त्या मानाने शांत. अशी जागा पुन्हा मिळवायची तर डिश हलवाव्या लागतील, आणि गोंगाट नसलेली दुसरी जागा दरवर्षी अधिक दुर्मीळ होत आहे. रेल्वेचा मार्ग कागदावर बदलता येतो. गेलेली शांतता मात्र परत आणणे जवळपास अशक्य असते.

इतर देशांनी हे ओळखले. अमेरिकेने १९५८ मध्येच ग्रीन बँकभोवती सुमारे १३ हजार चौरस मैलांचा शांत टापू ठरवला. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये खास कायदा करून खगोलशास्त्राला अनुकूल प्रदेश राखला. त्या दोन्ही ठिकाणी वस्ती विरळ आहे, आपल्याकडे दाट आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आपल्याला त्यांची नक्कल न करता अधिक काळजीपूर्वक तोडगा काढावा लागेल.

काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट म्हणजे आकडे लोकांसमोर यावेत. कोणत्या मार्गाने, किती अंतरावरून रेल्वे गेली तर कोणत्या पट्ट्यात किती गोंगाट वाढेल? बोगदा, भिंत किंवा काही किलोमीटरचा वेगळ्या तंत्राचा टप्पा यांनी तो किती कमी होईल? ही मोजणी स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि ती मराठीत, गावकऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत प्रसिद्ध करावी. ‘दुर्बिणीला त्रास होतो’ हे वाक्य पुरेसे नाही. मंत्र्यांनी ते संसदेत सांगितले म्हणून गावकऱ्यांचे समाधान होणार नाही. ज्यांच्या दारातून रेल्वे जाणार होती, त्यांना डेसिबलपर्यंतचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि मोजणीत एखादा मार्ग निर्धोक ठरला, तर दुर्बिणीच्या बाजूनेही तो खुलेपणाने मान्य व्हायला हवा. वुल्फ यांच्या गटाने स्वतःचा निकाल मागे घेतला, तो प्रामाणिकपणा इथेही चालला पाहिजे.

दुसरी गोष्ट, शांततेची किंमत एकट्या तीन-चार तालुक्यांनी मोजू नये. पाण्याखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन ही आपण राज्याची जबाबदारी मानतो. उजनीच्या धरणाने सोलापूर जिल्ह्याला पाणी मिळाले आणि काही गावांनी आपली घरे दिली, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. खोडदच्या शांततेचा लाभ देशाला होत असेल, तर त्या पट्ट्याला चांगले रस्ते, जलद बससेवा, शीतगृहे आणि उच्च शिक्षणाची सोय देण्याचा खर्चही देशाने आणि राज्याने उचलावा. दुर्बिणीविषयी आपुलकी भाषणांनी तयार होत नाही, शेजाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीने होते.

तिसरी गोष्ट, दर प्रकल्पागणिक नव्याने भांडण होऊ नये. आज रेल्वे आहे, उद्या औद्योगिक वसाहत असेल, परवा वीजवाहिनी. कोणत्या अंतरात काय चालेल आणि काय नाही, याचे स्पष्ट व कायद्याने बांधलेले नियम असावेत. त्यामुळे उद्योजकालाही आधीच कळेल आणि शास्त्रज्ञांना दर वेळी धावपळ करावी लागणार नाही.

दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या महादुर्बिणीत भारत सहभागी आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या सुरुवातीला त्यासाठी १,२५० कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. विश्वातील चुंबकीय क्षेत्रांचा उगम शोधणे हे त्या प्रकल्पाच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे. परदेशातील दुर्बिणीच्या शांततेसाठी आपण पैसे मोजायचे आणि ज्या दुर्बिणीवर आपली मुले हे काम शिकली, तिची शांतता मात्र घरी गमवायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल.

सोलापूरहून खोडद तीनशेहून अधिक किलोमीटर आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते आणि शाळा-महाविद्यालयांची मुले आपले प्रकल्प घेऊन येतात. आपल्या शाळांनी एखादी सहल तिकडे वळवावी. ताणलेल्या तारांच्या त्या डिश मुलांनी जवळून पाहाव्यात, नारायणगावच्या बाजारात शेतकऱ्यांशीही बोलावे, आणि दोन्ही बाजू ऐकून आपले मत बनवावे. या वादात पुढची पन्नास वर्षे ज्यांच्या वाट्याला येणार आहेत, ती हीच मुले आहेत.